बाबा, आधी एक खूण काढून टाका

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना सा. न.

बाबा, आजोबांचे जुने फोटो साफ करताना फोटोशॉप सारखं बंद पडतं म्हणून तुम्ही हार्ड डिस्क बदलायला निघालात, पण फोटो सुरक्षित आहेत. फोटोशॉप मध्येच बंद पडलं तर शेवटच्या सेव्हनंतरचं काम तेवढं जातं, स्कॅन केलेली मूळ फाइल हार्ड डिस्कवर जशीच्या तशी असते. म्हणून हार्ड डिस्क बदलायचा विचार तूर्त सोडा. झूम करताना पडदा क्षणभर काळा होणं, चित्रावर रंगीत चौकोन उमटणं आणि मग सगळंच बंद होणं ही लक्षणं ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागाची आहेत.

तुमचं जीटी ७१० कार्ड केप्लर नावाच्या जुन्या पिढीचं आहे. प्रोग्राम ज्यातून कार्डाकडून काम करून घेतात त्या विंडोजच्या डायरेक्टएक्सची ११_० ही फीचर लेव्हल, म्हणजे क्षमतेची पायरी, ते देतं, आणि आताच्या फोटोशॉपला किमान १२_० लागते. त्यात त्या पिढीचे नेहमीचे नवे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता येण्यासाठी लागणारे प्रोग्राम, २०२१ मध्येच थांबले. कार्डाकडून २ सेकंदांत उत्तर आलं नाही की ते अडकलं असं समजून विंडोज त्याला रीसेट करतं. फोटोशॉपचं चित्र त्या वेळी कार्डाच्या मेमरीत असतं, ते हातचं जातं आणि प्रोग्राम कोसळतो. रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, जाऊन ही २ सेकंदांची मुदत वाढवा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. पडदा फक्त जास्त वेळ गोठलेला राहील.

आई, तू शेजारी बसून बाबांना हे वाचून दाखव. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत डी-एक्स-डी-आय-ए-जी ही सहा अक्षरं टाइप करून एंटर करा. 'डिस्प्ले' टॅबवर उजवीकडे 'फीचर लेव्हल्स' अशी ओळ आहे. तिथे १२_० दिसलं नाही तर निदान पक्कं.

मग फोटोशॉप उघडा. 'एडिट', त्यात 'प्रेफरन्सेस', त्यात 'परफॉर्मन्स'. तिथल्या 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर'पुढची बरोबरची खूण काढा म्हणजे फोटोशॉप कार्डावर काम टाकणार नाही, ओके करा, फोटोशॉप बंद करून पुन्हा सुरू करा. तिथवर पोचण्याआधीच ते बंद पडत असेल तर आयकॉनवर डबल-क्लिक करताच कंट्रोल, आल्ट आणि शिफ्ट तिन्ही दाबून धरा. सेटिंग्ज पुसू का असं विचारेल, हो म्हणा. बाबांनी मांडून ठेवलेल्या खिडक्या मूळ जागी जातील, त्या पुन्हा लावता येतात.

खूण काढल्यावर 'रोटेट व्ह्यू' आणि 'ऑइल पेंट' चालणार नाहीत. त्यांची गरज नाही. डाग, ओरखडे, घड्यांच्या रेषा काढायला लागणारे हीलिंग ब्रश, क्लोन स्टॅम्प, लेव्हल्स, कर्व्ह्ज हे सगळं कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरवर चालतं, मोठ्या स्कॅनवर जरा हळू. 'प्रेफरन्सेस'मधल्या 'फाइल हँडलिंग'मध्ये आपोआप सेव्ह होण्याची वेळही ५ मिनिटांवर आणा.

जाहिरातीतले 'ड्रायव्हर अपडेटर' मात्र अजिबात उतरवू नका. या कार्डासाठी ते नवं काही आणू शकत नाहीत, आणि नको ते प्रोग्राम सोबत येतात.

नवं कार्ड घ्यायचंच ठरलं तर सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाताना एवढं कागदावर लिहून न्या: जीटीएक्स १६५०, ४ जीबी, वेगळी पॉवर केबल न लागणारं. ते ७५ वॉटच्या आत चालतं, तेवढी वीज मदरबोर्डवर कार्ड बसतं त्या खाचेतून, म्हणजे स्लॉटमधूनच मिळते. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा, ३०० वॉटचा हवा. '४ जीबी' छापलेलं जीटी ७३० कोणी पुढे केलं तर परत करा. मेमरी जास्त असली तरी फीचर लेव्हल १२_० नाहीच, आणि पैसे घालून तोच त्रास पुन्हा घरी येईल. जीटीएक्स १०५० टीआय चालेल, पण त्या पिढीचे नेहमीचे ड्रायव्हरही २०२५ मध्ये थांबले, तेव्हा जुनं स्वस्तात मिळालं तरी मला ते नको वाटतं.

आणखी एक गोष्ट दुकानात आठवत नाही. तुमच्या मॉनिटरची वायर निळ्या तोंडाची, व्हीजीए आहे. नव्या कार्डावर ते तोंड नसतं. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर त्याच फेरीत घ्या.

कॅबिनेट अरुंद असेल तर 'लो प्रोफाइल', म्हणजे कमी उंचीचं कार्ड लागेल. बाबा, झाकण उघडण्याआधी प्लग काढा, स्विच बंद करून भागत नाही. आतल्या स्लॉटचा आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो आईच्या मोबाइलवरून पाठवा. तो बघून मी कळवेपर्यंत काही विकत घेऊ नका.

तुमची लेक