जीपीयूची मेमरी नेमकी कुठे जाते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीतला मॉडेल ट्रेनिंगवरचा लेख मनापासून आवडला. पण जीपीयूची (ट्रेनिंगची आकडेमोड करणाऱ्या चिपची) मेमरी संपण्याचं सगळं खापर वेट्सवर, म्हणजे मॉडेल जे आकडे शिकतं त्यांच्यावर, फोडलंय, ते पटलं नाही. मी चित्रं ओळखणारी मॉडेल्स ट्रेन करते. मला बहुतेक वेळा नडलेत ते टेन्सर, म्हणजे आकड्यांचे तक्ते; बॅकवर्डसाठी (वेट्स कसे बदलायचे हे उलट दिशेनं काढण्याच्या टप्प्यासाठी) जपून ठेवलेले.

‘एक्स’चा वर्ग काढला की ग्रेडियंट (बदलाचा दर) येतो ‘दोन एक्स’. म्हणजे बॅकवर्डच्या वेळी ‘एक्स’ हाताशी हवाच, म्हणून ट्रेनिंगची सॉफ्टवेअर लायब्ररी तो सोडत नाही. ३२ चित्रांची बॅच, प्रत्येक चित्राचे २५६ चॅनल, प्रत्येक चॅनल म्हणजे ५६ बाय ५६ आकड्यांचा तक्ता, प्रत्येक आकडा चार बाइटचा: असा एकच टेन्सर सुमारे १०३ एमबी भरतो. आणि असे टेन्सर मॉडेलच्या लेयरमागून लेयर (थरामागून थर) साठत जातात.

पायटॉर्च या लायब्ररीच्या १.१० आवृत्तीपासून (२०२१) ही साठवण आपल्या हातात आली, हे लेखात यायला हवं होतं. दोन फंक्शन्स द्यायची. टेन्सर साठवायची वेळ आली की ‘पॅक हुक’ चालतो आणि तो परत देईल तेच साठवलं जातं. बॅकवर्डला टेन्सर लागला की ‘अनपॅक हुक’ तो पुन्हा उभा करतो. मधल्या काळात टेन्सर रॅममध्ये ठेवा, नाहीतर डिस्कवर. रॅमसाठी ‘सेव्ह ऑन सीपीयू’ तयारच मिळतं. नेण्या-आणण्यात वेळ जातो, पण बॅच मावते.

मी डिस्कचा मार्ग धरला आणि तिथेच चुकले. फाइलला नाव म्हणून टेन्सरचा पायथनमधला ‘आयडी’ (ओळख-क्रमांक) दिला. टेन्सर डिस्कवर गेला की मेमरीतून सुटतो आणि तोच आयडी पुढच्या टेन्सरला मिळू शकतो. पहिली फाइल नव्या टेन्सरखाली गाडली गेली. दोघांचे आकार सारखे, त्यामुळे एरर नाही, काही नाही. लॉस (मॉडेलची चूक मोजणारा आकडा) थोडा उतरायचा आणि अडकायचा. तीन दिवस मी लर्निंग रेटच (वेट्स किती मोठ्या पावलांनी बदलायचे तो आकडा) बदलत बसले! शेवटी छोटं नेटवर्क घेऊन हुकसह आणि हुकविना आलेले ग्रेडियंट शेजारी-शेजारी छापले, तेव्हा दोन लेयरचे आकडे जुळेनात. फाइलला यूयूआयडीचं, म्हणजे दरवेळी वेगळं तयार होणारं, नाव दिलं आणि ते जुळले.

अनपॅक करतानाच फाइल पुसून टाकायचा मोहही होतो. तसं करू नये. ग्राफ (बॅकवर्डसाठी ठेवलेली आकडेमोडीची नोंद) राखून बॅकवर्ड दुसऱ्यांदा चालवला, तर अनपॅक पुन्हा होतो आणि तेव्हा फाइल जागेवर लागते. फाइल सांभाळणारं छोटं ऑब्जेक्ट पॅकमधून परत द्यावं, म्हणजे ग्राफ सुटला की त्या ऑब्जेक्टबरोबर फाइलही जाते.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहाल, तेव्हा हुकसह आणि हुकविना ग्रेडियंट ताडून पाहायची ती चार ओळींची चाचणी जरूर छापा. ट्रेनिंग सुरू करण्याआधी ती चालवली असती, तर माझे तीन दिवस वाचले असते.

– एक वाचक