ज्ञान्यास, मिनियापोलिसहून

प्रिय ज्ञान्या,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं ठीक, बाळ-बाळंतीण खुशाल, माझी साखर आटोक्यात. आता मुद्द्याचं.

नातवाचं बारसं झालं. जावयाच्या घराण्यातलं नॉर्वेचं नाव ठेवलं: लेइफ. नावाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. वारस, वंशज असा त्याचा अर्थ. पहिल्या नातवाला आणखी काय हवं? पण आत्याबाईंनी, म्हणजे जावयाच्या बहिणीनं, पाळण्यात वाकून 'कुर्रर्र' केलं (हिनं आठवडाभर तालीम घेतली होती, तरी मोटारसायकल सुरू झाल्यासारखं वाटलं) आणि कानात सांगितलं, "लीफ." शेजारी चाकाच्या खुर्चीत जावयाची आजी होती, मूळची नॉर्वेची. ती म्हणाली, "लेइफ." 'ले'वर जोर आणि मग निसटता 'इ'. आत्या हसून म्हणाली, "तेच म्हटलं की, लीफ!" म्हातारीनं पुन्हा एकदा सांगितलं आणि मग गप्प बसून शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बाकी सगळे पेढ्यांत गुंतलेले.

तेव्हापासून मला चैन नाही. इंग्रजीत बहुतेक लोक या नावाला 'लीफ'च म्हणतात, म्हणजे झाडाचं पान. दवाखान्यातली नर्स तेच, शेजारी तेच. आणि हे कुठे, तर मिनेसोटात, जिथे नॉर्वेची माणसं पिढ्यान् पिढ्या शेती करत आली! सेंट पॉलला विधानभवनाच्या आवारात लेइफ एरिकसनचा पुतळा आहे, 1949 सालचा. कोलंबसाच्या जवळजवळ पाचशे वर्षं आधी अमेरिकेला पोचलेला तो दर्यावर्दी. 9 ऑक्टोबरला देशभर त्याचा दिवस पाळतात. नॉर्वेहून निघालेलं स्थलांतरितांचं पहिलं जहाज 1825 मध्ये त्याच तारखेला न्यूयॉर्कला लागलं होतं. तिकडे कॅनडात न्यूफाउंडलंडमध्ये लेइफ एरिकसनच्या काळच्या लोकांची वस्ती 1960 साली सापडली, तिथलं लाकूड 1021 मध्ये तोडलेलं असल्याचंही ठरलं. एवढं सगळं शोधून काढलं, पण त्याला हाक मात्र धड मारत नाहीत.

एरिकसन म्हणजे एरिकचा मुलगा, आपण मधे बापाचं नाव लावतो तसंच. आइसलंडमध्ये ही रीत अजून चालू आहे. नॉर्वेत 1923 च्या कायद्यानं कायमचं आडनाव सक्तीचं झालं. जावयाच्या आडनावातही असा कुणीतरी खापरपणजोबा बसलाय, त्याच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नाही. म्हणजे त्या माणसांचं घरी उरलंय ते हे एक नाव, आणि ते नीट उच्चारणारी एक म्हातारी.

मनू म्हणते, "बाबा, तो स्वतः ठरवेल." जावई म्हणतो, दोन्ही चालेल. अगदी तुझंच वाक्य! भोपाळला सगळी नोकरी तू 'ग्यानेश्वर' म्हणून काढलीस. "सही माझी, हाक लोकांची," म्हणायचास, आणि त्यावरून स्टेशनावर आपली जी जुंपली, की वहिनींनी डबा माझ्या हातातून काढून घेतला होता. माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे: आईबापांनी ठेवलेलं नाव लोकांना शिकवावं, दहादा शिकवावं. आळंदीच्या माउलीचं नाव रे ते!

पण आता खरं सांग. 'ग्यानेश्वरजी' ऐकून तू मागे वळायचास, तेव्हा आत काही खुपायचं का? की खरंच सवय झाली होती? घरी एक आणि ऑफिसात एक, अशी दोन माणसं सांभाळावी लागली का? हे मला दुसरं कुणी सांगू शकणार नाही. शाळेत पोरं त्याला 'पान, पान' म्हणून चिडवतील तेव्हा मी इथे नसेन, म्हणून मनूशी आत्ताच बोलायचंय. मी आणि ही त्याला 'लेइफ'च म्हणतो. काल आजीला फोन लावून माझा उच्चार तपासून घेतला. तिनं चार वेळा म्हणायला लावलं, मग पास केलं.

तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं? कर एकदाचं ऑपरेशन. वहिनींना नमस्कार, धाकट्याचं लग्न जमलं तर तारीख कळव, पाडव्याच्या आधी परततोय.

उत्तर लिहून पाठव. फोनवर तू विषय बदलतोस.

तुझा,
अण्णा