हिप हॉप आधी हातात होतं, मग तोंडात आलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हिप हॉपवर आलेला लेख वाचला, अख्खं पान दिलंत त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू. पण वाचून झाल्यावर राहवेना म्हणून लिहायला बसलोय. लेखाची सुरुवातच १९७९ च्या 'रॅपर्स डिलाइट' या रॅप गाण्यापासून आहे, म्हणजे रॅप आलं आणि हिप हॉप जन्माला आलं असा हिशोब, डीजेला एक ओळ आणि नाचणारे तर फक्त २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकपुरते, तिथे ब्रेकिंग हा नाच खेळ म्हणून होता तेवढ्यापुरते. हे पार उलटं झालंय हो. रॅपर या घरात सगळ्यात उशिरा आलाय.

तारीख आहे ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली १५२० सेजविक अव्हेन्यू ही बिल्डिंग, तिच्या कॉमन हॉलमधे पार्टी होती. ठेवली कोणी, तर सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं, शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून. आमंत्रणं कार्डांवर हाताने लिहिलेली, मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट, आणि रेकॉर्ड लावायला मोठ्या भावाला उभं केलं. तो भाऊ म्हणजे क्लाइव्ह, तेव्हा १८ वर्षांचा, जन्म जमैकातल्या किंग्स्टनचा, १९६७ ला ब्रॉन्क्सला आलेला, सगळे त्याला कूल हर्क म्हणायचे. तुमच्या लेखात हर्क आहे पण सिंडी नाही, म्हणजे ज्या पोरीनं सगळा घाट घातला तिचंच नाव गायब, ते वाचून खरंच वाईट वाटलं.

हर्कनं नेमकं काय केलं तर नाचणाऱ्यांकडे नीट बघितलं. फंक म्हणजे ठेक्यावर चालणारं अमेरिकन नाचाचं संगीत, त्याच्या गाण्यात मधेच एक जागा येते जिथे गाणारा थांबतो, बाकीचे थांबतात आणि ड्रम, कधी बेस, कधी काँगा, तेवढंच वाजत राहतं, त्याला ब्रेक म्हणतात. चांगले नाचणारे गाणंभर कडेला उभे राहायचे आणि ब्रेक आला की मधे घुसायचे, पण तो पाच दहा सेकंदात संपणार. मग यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या, एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवर तोच सुरू, तोवर पहिली मागे आणायची, पुन्हा ती, पुन्हा ही, म्हणजे दहा सेकंदाचा ब्रेक पाच मिनिटं सुद्धा चालेल. ब्रेकवर नाचणाऱ्या पोरांना त्यानं बी बॉय नाव दिलं, बी म्हणजे ब्रेक. माइकवर कोक ला रॉक असायचा, पण तो मित्रांची नावं घ्यायचा, लोकांना चेतवायचा, कवितेसारखं लांबलचक रॅप तेव्हा नव्हतंच. आणि दुसऱ्या डीजेंना कळू नये म्हणून हर्क रेकॉर्डवरची लेबलं भिजवून काढून टाकायचा, एवढी ती निवड जपलेली होती.

पण हर्कचा ब्रेक प्रत्येक वेळी ठेक्यात बसायचाच असं नाही. ते बसवलं ग्रँडमास्टर फ्लॅश या ब्रॉन्क्सच्याच दुसऱ्या डीजेनं. मित्राकडे दोन टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवायची यंत्रं आहेत, तिथे मी स्वतः बसून करून बघितलंय म्हणून सांगतो. उजवीकडचा ब्रेक वाजतोय, त्याच वेळी डावीकडची रेकॉर्ड बोटानं उलटी फिरवायची, नेमकी किती मागे न्यायची ते मनात मोजायचं, सुई खोबणीतून उडू द्यायची नाही, आणि समेवर फेडर, म्हणजे एका रेकॉर्डचा आवाज बंद करून दुसरीचा सुरू करणारी पट्टी, सरकवायचा. माझी सम अर्ध्या मात्रेनं हुकायची, दर वेळी, आणि नुसता ऐकणारा माणूसही लगेच तोंड वाकडं करतो इतकं ते कानाला खटकतं. दोन तासात एकदाच चार वेळा ओळीनं बसलं. फ्लॅश क्रेयॉननं रेकॉर्डवर खूण करायचा म्हणजे किती फेरे मागे गेलो ते डोळ्यांना दिसतं, रेकॉर्डखाली स्टार्च मारून इस्त्री केलेलं फेल्ट घालायचा म्हणजे खालची तबकडी फिरत राहते आणि वरची हातात थांबते, पुढची रेकॉर्ड आधी हेडफोनमधे ऐकता यावी म्हणून स्विच त्यानं स्वतः जोडला होता. रेकॉर्डवर बोटं ठेवतो म्हणून त्याला नावं ठेवली गेली. आणि स्क्रॅच, म्हणजे रेकॉर्ड हातानं पुढे मागे घासून काढलेला आवाज, आणला ग्रँड विझर्ड थिओडोरनं, तेव्हा तो शाळकरी पोरगा होता. आई ओरडायला खोलीत आली म्हणून त्यानं रेकॉर्ड हातानं धरून ठेवली, हात हलत राहिला आणि तो आवाज कानात बसला, हे तो स्वतः सांगतो.

लेखात गरिबीतून जन्मलेली कला असं दोन तीनदा आलंय. गरिबी होतीच, क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवे या महामार्गासाठी वस्त्या पाडल्या, इन्शुरन्सच्या पैशासाठी घरमालकांनी बिल्डिंगी जाळल्या, सगळं खरं. पण फ्लॅश इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला होता, हर्कला वडिलांची साऊंड सिस्टीम मिळाली होती आणि जमैकातल्या साऊंड सिस्टीमच्या पार्ट्या त्यानं लहानपणी बघितल्या होत्या. गरिबी कोणाला ठेका मोजायला शिकवत नाही, ते हातानं तासनतास बसून शिकावं लागतं, आणि ते श्रम लेखात कुठेच दिसले नाहीत ही माझी खरी तक्रार आहे.

आता 'रॅपर्स डिलाइट'. त्यातला ठेका डीजेनं लावलेला नाही, शीक या बँडच्या 'गुड टाइम्स' गाण्याची चाल स्टुडिओतल्या वादकांकडून पुन्हा वाजवून घेतली, आणि गाणारा ग्रुप रेकॉर्ड कंपनीवाल्या सिल्व्हिया रॉबिन्सननं न्यू जर्सीत जमवला. त्या ग्रुपमधल्या बिग बँक हँकनं म्हटलेल्या ओळी ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर कॅझ या रॅपरच्या, इतक्या जशाच्या तशा घेतल्या की हँक एकेक अक्षर सुटं म्हणत स्वतःचं नाव सांगतो ते कॅझचं टोपणनाव आहे. तिथून पुढे माइक पुढे आणि डीजे मागे. १९८२ चं 'द मेसेज' हे रॅप गाणं थोर आहेच, पण रेकॉर्डवर नाव ग्रँडमास्टर फ्लॅशचं आणि आत त्याचा हातच नाही. त्याचा हात ऐकायचा असेल तर १९८१ ची 'व्हील्स ऑफ स्टील' ऐका, सात मिनिटं, सगळं टर्नटेबलवर.

एक नाव अजून, तेवढं कृपा करून छापा. क्लाइड स्टबलफील्ड, फंक गायक जेम्स ब्राऊनचा ड्रमर. १९७० च्या 'फंकी ड्रमर'मधला त्याचा ब्रेक पुढे रेकॉर्डमधला तुकडा उचलून पुन्हा पुन्हा वाजवणारं सॅम्पलर मशीन आल्यावर शेकडो रॅप गाण्यांत वापरला गेला, पण गाण्याचे हक्क ब्राऊनच्या नावावर, त्यामुळे वाजवणाऱ्याला रॉयल्टी नाही. २०१७ ला तो गेला. गाणं लावून बघा, बराच वेळ ब्रास वगैरे चालू असतं, मग ब्राऊन सगळ्यांना थांबायला सांगतो, ड्रमरला वाजवू द्या म्हणतो, आणि पुढची आठ आवर्तनं त्याच्या एकट्याची आहेत.

आपला,
एक नियमित वाचक