आर.ई.चा तास

लेस्टर, नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर काही नीट सांगायला घेतलं की आई मध्येच "जेवलीस का?" विचारते आणि बाबा फोन दादाच्या हातात देतात, म्हणून लिहायला बसले. रोजचं काही लिहीत नाही, ते तुम्हाला पाठ आहे. थंडी आहे, स्वेटर पुरतो, जेवते.

विषय आत्याचा. परवा फोनवर म्हणाली, "तिकडे तुला बायबल शिकवायला लावलंय म्हणे." कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. पण तुम्ही दोघं शेजारी बसून गप्प राहिलात, म्हणजे शंका तुमच्याही मनात आहे. तर सगळंच सांगते.

हो, चौथीच्या मुलांना मी बायबलातल्या गोष्टी सांगते. गुरू नानकांच्याही सांगते, रमजान शिकवते, ज्यू लोकांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शिकवते, आणि दिवाळीसुद्धा शिकवते. धर्मांची ओळख करून देणारा हा तास, त्याला इथे सगळे आर.ई. म्हणतात, म्हणजे रिलिजस एज्युकेशन. बाबा, तुम्हाला हे उलटं वाटणार हे मला माहीत आहे. आपल्याकडे संविधानाच्या कलम 28 प्रमाणे पूर्ण सरकारी खर्चावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि तुमची अख्खी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. इथे इंग्लंडमध्ये 1944 च्या कायद्यापासून सरकारी शाळेत ते द्यावंच लागतं. पण आपल्याकडेही सुप्रीम कोर्टाने 2002 साली सांगितलं आहे की धर्मांविषयी माहिती देणं वेगळं आणि धर्माची दीक्षा देणं वेगळं. माझं काम पहिल्या प्रकारचं आहे.

आता एक गंमत, जी मलाही समजायला फार वेळ लागला. गणित, इंग्रजी, विज्ञान यांचा अभ्यासक्रम देशभर एकच आहे, पण आर.ई.चा नाही. तो प्रत्येक भागाची स्थानिक परिषद ठरवते, म्हणजे आपल्याकडे महापालिकेने ठरवावा तसा! त्यासाठी चार गट बसतात. एक चर्च ऑफ इंग्लंडचा, एकट्याचा, कारण ते इथलं राजमान्य चर्च. दुसऱ्यात बाकीचे ख्रिस्ती पंथ आणि इतर धर्म, म्हणजे मुसलमान, हिंदू, शीख, ज्यू असे सगळे. तिसरा शिक्षकांचा आणि चौथा परिषदेचा, त्यात नगरसेवकही असतात. गटात माणसं कितीही असोत, मत गटाला एकच. आणि चारही गटांचं एकमत झाल्याशिवाय अभ्यासक्रम मंजूर होत नाही. दर पाच वर्षांनी पुन्हा हेच. बाबा, डोळ्यांसमोर आणा. पाद्री, मौलवी, मंदिराचे ट्रस्टी, हेडमास्तर आणि नगरसेवक एका टेबलाभोवती, आणि विषय काय, तर सात वर्षांच्या मुलाला ईस्टर आधी सांगायचा की ईद! आपल्याकडे अशा बैठकीला पोलीस बंदोबस्त लागला असता. इथे चहा-बिस्किटांवर भागतं. 1988 च्या कायद्याने एवढंच बांधून दिलंय की या देशाची परंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहे हे अभ्यासक्रमात दिसावं, आणि इतर प्रमुख धर्मांचीही दखल घेतलेली असावी.

याहून गंमत म्हणजे, एवढं करून ठरवलेला विषय पालकांना नको असेल तर मुलाला त्या तासातून काढता येतं. कारण द्यावं लागत नाही. सक्ती शाळेला आहे, मुलाला नाही. आणि आत्याला हे नक्की सांगा: शिक्षकालाही तास नको असेल तर तसं सांगायची मुभा कायद्यात आहे. मला कुणीही काहीही करायला लावलेलं नाही. मी तो तास स्वतःहून घेते, आणि मला तो आवडतो.

आता वर्गाचं. आमच्याकडे एक कपाट आहे, त्यात शिखांचं कडं, आरतीचं तबक, नमाजाची चटई, ज्यू लोक धर्मवचनं घालून दाराच्या चौकटीला लावतात ती छोटी डबी, मेझुझा, असं बरंच काही. कुराणाची प्रत सगळ्यात वरच्या फळीवर असते, आणि तिला हात लावायचा तर आधी हात धुवायचे. हे मुलांना एकदाच सांगावं लागलं. गणपतीची मूर्ती जमिनीवर ठेवायची नाही हा नियम मी घातला, तोही कुणी मोडत नाही. आठ-नऊ वर्षांची मुलं ही. आई, आपल्या देवघराबाबत तू मला जितक्या वेळा ओरडली आहेस, त्याच्या निम्म्यानेही ओरडावं लागत नाही.

अवघड असतात ते प्रश्न. एका मुलाने विचारलं, "मिस, येशू देवाचा मुलगा होता का?" उत्तर द्यायच्या आत पुढच्या बाकावरचा मुसलमान मुलगा म्हणाला, नाही, ते पैगंबर होते. लगेच एक मुलगी चिडली, तिच्या घरी दर रविवारी चर्च असतं. मी दोघांचंही फळ्यावर लिहिलं, ख्रिस्ती काय मानतात आणि मुसलमान काय मानतात, आणि खोडलं काहीच नाही. बाबा, तुम्ही परिपाठाच्या वेळी सांगायचात की सगळे धर्म शेवटी एकच शिकवतात. तुमच्यासमोर बोलायची ही हिंमत पत्रातच होते, पण इथे तसं म्हटलं तर मुलंच पकडतात. नाही शिकवत एकच! आणि मला वाटतं, सगळं एकच म्हणून टाकलं की दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं कारणच उरत नाही. ती दोघं त्याच दुपारी एकाच संघातून फुटबॉल खेळत होती. फळ्यावरचा वाद मिटलेला नव्हता.

कुठलाच धर्म नसलेल्या घरातली मुलंही भरपूर आहेत. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या 37.2 टक्के लोकांनी 'धर्म नाही' असं लिहिलं, आणि स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आले, 46.2 टक्के. त्यामुळे देव न मानणारी माणसं चांगलं-वाईट कशावरून ठरवतात, हेही शिकवावं लागतं. त्या तासाला मला अप्पाकाका आठवतात.

2022 च्या दंग्याचं तुम्ही अजून काढता. खरं आहे, त्या वेळी भारत-पाकिस्तान मॅचनंतर याच शहरात हिंदू-मुसलमान पोरं रस्त्यावर आली होती. मी तेव्हा इथे नव्हते. तणाव नव्हताच असं मी म्हणणार नाही. मशिदीच्या भेटीला मुलांना न पाठवणारे पालक आहेत, त्यांत आपलेही आहेत. त्या दिवशी ती मुलं दुसऱ्या वर्गात बसून रंगकाम करतात आणि बाकीची परत आली की "काय होतं रे आत?" म्हणून खोदून खोदून विचारतात. पण मी राहते तो भाग शांत आहे, शाळेतून अंधार पडायच्या आत निघते. म्हणजे हिवाळ्यात नाही निघता येत, चार वाजताच अंधार पडतो. पण एकटी नसते, सोबत असते.

दिवाळीचा पाठ झाला. बेलग्रेव्ह रोडवर रोषणाई मोठी असते. इथली बरीच गुजराती कुटुंबं 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकलल्यावर आली. तेव्हा इथल्या परिषदेने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की कृपया लेस्टरला येऊ नका. आता त्यांचीच दिवाळी शहर मिरवतं. पाठात राम अयोध्येला परत येतो एवढंच असतं. मी त्यात किल्ला घातला. पुठ्ठ्याचे बुरूज केले, माती आणायला परवानगी मिळाली नाही. एका इंग्रज मुलीने विचारलं, "मिस, तुम्ही दिवाळीला घरी का गेला नाहीत?" मी म्हटलं, शाळा होती ना, तुम्हाला कुणी शिकवलं असतं? सगळे हसले. भाऊबीजेला दादाला फोन लागला तो त्याच दिवशी मधल्या सुट्टीत.

आता दादाच्या लग्नाचं. साखरपुड्याला मला येता येणार नाही. शाळा चालू असताना शिक्षकांना रजा मिळत नाही, सख्ख्या भावाच्या साखरपुड्यालाही नाही. मी विचारून पाहिलं. होणाऱ्या वहिनीला आणि तिच्या घरच्यांना तुम्हीच नीट सांगा, नाहीतर पहिल्यापासून शिष्ट नणंद ठरायचे. लग्नासाठी मे महिन्याच्या शेवटी आम्हाला आठवडाभर सुट्टी असते. मुहूर्त पंचांगाऐवजी माझ्या सुट्टीवरून काढा म्हणायला जीभ रेटत नाही, पण त्या आठवड्यात एखादा असेल तर गुरुजींना विचारा. नसेल तर थांबू नका. खरंच थांबू नका.

हॉलचा अ‍ॅडव्हान्स बाबांनी पेन्शनमधून भरला हे मला दादाकडून कळलं. तुम्ही का नाही सांगितलं? माझ्या कर्जाचा हप्ता जानेवारीपासून मी पूर्ण भरते, बँकेत तसं कळवलंय. तुमच्या खात्यातून आता काही कापलं जायला नको. कापलं गेलं तर लगेच सांगा.

आणि आई, नागपूरच्या त्या स्थळाचा फोटो पाहिला. चांगला दिसतो. दादाचं होऊ दे, मग बोलू. टाळत नाहीये.

आजीला नमस्कार. कळावे.

तुमची,
मनू

ता. क. पाठवलेल्या पैशांतून आईचं गुडघ्याचं औषध आणायचं ठरलं होतं. ते हॉलला गेले असतील तरी चालेल, फक्त मला खरं काय ते कळवा, म्हणजे औषधाचे वेगळे पाठवते.