पेन्शनचे कागद वाचायला शिकवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

या महिन्याच्या अखेरीस हे, म्हणजे माझे पती, हवालदार म्हणून 26 वर्षांची सेवा पूर्ण करून लष्करातून निवृत्त होत आहेत. कारगिलच्या युद्धानंतरच्या वर्षी, म्हणजे 2000 साली, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरवर रंगरूट म्हणून ज्या दारातून हे आत गेले, त्याच सेंटरवर सध्या त्यांच्या डिस्चार्जचे शेवटचे सोपस्कार चालू आहेत. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, निघाला आहे. त्यावर माझे नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळते, आणि ती जुळते याचे सगळे श्रेय तुमचे आहे. हे तुमच्या घरी येऊन सांगितले असते, तर नेहमीप्रमाणे "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही चहा ठेवायला उठला असता. म्हणून लिहून सांगते आहे, आणि ज्या बहिणींचे पती अजून नोकरीत आहेत त्यांच्याही वाचनात यावे म्हणून जाहीरपणे सांगते आहे.

आपली पहिली नीट ओळख जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर झाली. मी मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आले होते आणि तुम्ही शेजारी बसून माझ्या हातातले कागद न्याहाळत होतात. तुम्ही मला पहिला प्रश्न विचारलात तो असा : "यांच्या रेकॉर्डला तुझं नाव काय लागलंय?" मला उत्तर देता आले नाही. आमच्या भागात लग्नात नवरीचे नाव बदलण्याची रीत आहे; ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीने त्यात नवे नाव लिहितो आणि त्या दिवसापासून सासरी ती त्याच नावाने ओळखली जाते. यांनी युनिटमध्ये लग्नाची नोंद केली तेव्हा तेच तांदळातले नाव आणि अंदाजाने सांगितलेली जन्मतारीख लिहून दिली. माझ्या आधार आणि पॅन कार्डावर मात्र शाळेतले नाव आहे, आणि गुरुजींनी दाखला करताना आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांना जी दिली तीच 1 जून ही जन्मतारीख आहे. म्हणजे लष्कराच्या कागदावर यांची पत्नी एक होती आणि सरकारच्या बाकी सगळ्या कागदांवर दुसरीच.

त्यानंतर तुम्ही तुमची हकिगत सांगितलीत. सुभेदार काका गेल्यानंतर, दहाव्या-तेराव्याचेही भान नसलेल्या दिवसांत, तुम्हाला तुम्हीच तुम्ही आहात हे सिद्ध करत फिरावे लागले होते, कारण रेकॉर्डमधले नाव आणि बँकेतले नाव वेगळे होते. तोवर घरात येणारा पैसा थांबला होता. कुटुंब निवृत्तिवेतन हा पत्नीचा हक्क आहे, त्याचा सामान्य दर शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के असतो, आणि तो हक्क पीपीओवर छापलेल्या नावाला मिळतो, हे तुम्ही मला त्या बाकावर समजावलेत. पती जिवंत आणि नोकरीत असताना ही दुरुस्ती एका अर्जाने युनिटमधून पुढे सरकते. ते गेल्यावर तीच दुरुस्ती एकट्या बाईच्या डोक्यावर येते. तुमचे ते वाक्य मी घरी येऊन यांना फोनवर जसेच्या तसे ऐकवले.

पुढचे काम तुम्ही माझ्याकडून करवून घेतलेत. स्वतः करून दिले नाहीत, आणि त्याबद्दल मी अधिक ऋणी आहे. माहेरच्या शाळेतून दाखल्याची नक्कल आणणे, लग्नाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली प्रसिद्धी, हे सारे गोळा करून मी यांच्याकडे पाठवले. यांनी युनिटमध्ये अर्ज दिला. आणि रेकॉर्ड ऑफिसमध्ये दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदीतल्या बदलाचा लष्करी आदेश, लागली. त्या ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला तुम्ही सांगितलेत. तेव्हा मला ते अतिसावधपणाचे वाटले होते. पेन्शनचे कागद भरण्याच्या वेळी धाकट्या मुलीच्या नावाचा प्रश्न निघाला, तेव्हा हाच शिस्तीचा धडा उपयोगी पडला.

इथे मनातले एक सांगते. आपल्या सातारा जिल्ह्यात पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावलेले अपशिंगे मिलिटरी आहे, घरटी एक फौजी असलेल्या वाड्या आहेत. म्हणजे फौजीच्या बायकाही पिढ्यान्पिढ्यांच्या आहेत. तरीही पार्ट टू ऑर्डर म्हणजे काय, किंड्रेड रोल या जवानाच्या कुटुंबीयांच्या यादीत कोणाकोणाची नावे असतात, हे एका पिढीतल्या बाईने पुढच्या पिढीतल्या बाईला सांगितल्याचे मी ऐकलेले नाही. "ते बघतील" एवढ्यावर आपण थांबतो. ते बघतात, पण ते दोन हजार किलोमीटर दूर असतात आणि त्यांना रजा मोजून मिळते. तुम्ही ही गप्प राहण्याची रीत मोडलीत.

ऑगस्ट 2019 मधला एक दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. हे राष्ट्रीय रायफल्समध्ये कुपवाड्याला होते. 5 ऑगस्टला काश्मीरमधले फोन बंद झाले आणि इकडे त्याच आठवड्यात पावसाने थैमान घातले होते. सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होते, आपल्याकडे ओढे भरून वाहत होते, वीज नव्हती. सासूबाई देवापुढून उठत नव्हत्या. टीव्ही बंद असल्यामुळे गावात जो तो ऐकीव बातमी सांगत होता, आणि प्रत्येक बातमी आधीच्यापेक्षा वाईट होती. तुम्ही डोक्यावर पोते घेऊन चिखल तुडवत आमच्या घरी आलात. ओसरीवर पाय धुतलेत, पदराने तोंड पुसलेत आणि मला म्हणालात, "पोरी, वाईट खबर फोनसाठी अडून राहत नाही. ती माणसं घेऊन दारात येते. तुझ्या दारात कोणी आलेलं नाही, म्हणजे तो बरा आहे. ऊठ, भाकरी टाक." हे सांगण्याचा अधिकार तुम्हाला होता, हे मला ठाऊक होते. त्या दिवसांत तुम्ही रोज येत राहिलात, आणि यांचा आवाज ऐकू आला त्या संध्याकाळी तुम्ही आमच्याच चुलीपाशी बसलेल्या होतात.

निवृत्ती वर्षभरावर आली तेव्हा मला वाटले होते की आता फक्त दिवस काढायचे आहेत. तुम्ही मात्र शाळेची दोनशे पानी वही मागवलीत आणि मधोमध रेघ मारायला लावलीत. एका बाजूला एकदाच येणारा पैसा : ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे जास्तीत जास्त 300 दिवसांचे वेतन, एएफपीपी फंड म्हणजे लष्करातला भविष्य निर्वाह निधी, आर्मी ग्रुप इन्शुरन्सची रक्कम. दुसऱ्या बाजूला दर महिन्याला येणारा : शेवटच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावरचा महागाई भत्ता. मग अंशराशीकरण. जवानाला निवृत्तिवेतनाचा निम्म्यापर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, पण तेवढी कपात पुढची 15 वर्षे दर महिन्याला होत राहते आणि नंतरच पूर्ण निवृत्तिवेतन परत सुरू होते. ही गोष्ट घराघरात "पेन्शन विकली" एवढ्या दोन शब्दांत बोलली जाते. तिचा महिन्याचा हिशेब तुम्ही मला मांडायला लावलात. थोरलीचे शिक्षण कोणत्या वर्षी संपते, धाकटीचे कधी सुरू होते, घराचे कर्ज कधी फिटते, हे सगळे त्या 15 वर्षांच्या ओळीवर ठेवून आम्ही दोघांनी किती भाग विकायचा ते ठरवले. आमच्या संसारातला तो पहिला मोठा निर्णय, जो दोघांनी एकाच वेळी, एकच कागद समोर ठेवून घेतला. हे तिकडून फोनवर आकडे वाचत होते आणि मी इकडे वहीत लिहीत होते.

पैसे खात्यावर पडल्यावर वर्षभर कोणताही मोठा व्यवहार करायचा नाही, हा तुमचा दंडक आम्ही पाळणार आहोत. प्लॉट, ट्रॅक्टर, भागीदारीतले दुकान आणि पाहुण्यांचे हातउसने, या चार वाटांनी किती फौजींची आयुष्यभराची कमाई दोन वर्षांत गेली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आत्ताच आमच्याकडे दोन जण जमिनीचा नकाशा घेऊन येऊन गेले. मी त्यांना चहा दिला आणि वर्षाने या म्हणून सांगितले.

ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, अर्ज वेळेत झाला, त्यात अवलंबित म्हणून सासूबाईंचेही नाव गेले, त्यांच्या उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा हे तुम्हीच बजावले होते. त्याबद्दल सासूबाईंनी तुम्हाला वेगळा नमस्कार सांगितला आहे.

पण काकू, तुमच्या उपकारांतला सर्वात नाजूक भाग कागदांचा नव्हता. मी बेळगावच्या क्वार्टरमध्ये यांच्यासोबत काही काळ राहिले, तेवढे सोडले तर आमचा संसार वार्षिक रजेच्या साठ दिवसांत आणि नैमित्तिक रजेच्या तुकड्यांत झाला आहे. उसाची नोंद, तोडीसाठी कारखान्याच्या चिटबॉयकडे पाठपुरावा, घेवड्याचे बियाणे, सोसायटीचे पीककर्ज, सासऱ्यांचे आजारपण आणि त्यांचे अखेरचे विधी, हे सारे मी केले. मुलींनाही काही विचारायचे झाले की त्या माझ्याकडेच वळतात. आता हे कायमचे घरी येणार, याचा आनंद मनात मावत नसताना त्याच्या तळाशी एक भीतीही होती, आणि ती कोणापाशी बोलायची सोय नव्हती. नवरा सुखरूप परत येतो आहे आणि ही बाई कसली काळजी करते, असेच कोणीही म्हणाले असते. तुम्ही मात्र न सांगता ओळखलेत. काका परत आले तेव्हा पहिले सहा महिने पहाटे चारला उठून अंगणात फेऱ्या मारत, घरातल्या कोणाला आपली गरज उरलेली नाही असे त्यांना वाटे आणि तुम्हाला वाटे की आपल्या हातातले घर काढून घेतले जाते आहे, हे तुम्ही मला सांगितलेत. स्वतःच्या संसाराची ही बाजू दुसऱ्याच्या उपयोगासाठी उघडी करायला मोठे मन लागते.

तुमच्या सांगण्यावरून मागच्या रजेत मी यांच्याकडे एकेक गोष्ट सोपवली. सोसायटीत हे एकटे गेले. थोरलीच्या महाविद्यालयात प्रवेशाच्या चौकशीला हेच गेले, आणि तिथल्या रांगेतून त्यांनी मला फोन केला तेव्हा मी मुद्दाम म्हणाले की तुम्हाला योग्य वाटेल तो विषय घ्या, तिला विचारून. घरी आल्यावर बापलेक रात्री उशिरापर्यंत माहितीपुस्तक उघडून बसले होते. त्या दोघांना मी तसे पूर्वी कधी पाहिले नव्हते.

पुढे डीएससीत, म्हणजे माजी सैनिकांना पुन्हा घेणाऱ्या संरक्षण सुरक्षा दलात, जायचे, राज्य सरकारच्या भरतीतल्या माजी सैनिकांच्या 15 टक्के राखीव जागांसाठी अर्ज करायचा, की आल्याची शेती वाढवायची, हे अजून ठरलेले नाही. भावकीतले रोज विचारतात. हे घरी येऊन एक हंगाम स्वतः शेतात उभे राहिल्याशिवाय ते ठरवायचे नाही, असे आम्ही दोघांनी पक्के केले आहे.

शेजारच्या वाडीतल्या दोन सुना हल्ली माझ्याकडे येतात. एकीचे पती अरुणाचलात आहेत, दुसरीचे जोधपूरला. दोघींचीही नावे लग्नात बदललेली आहेत. एकीची दुरुस्ती झाली, दुसरीचा शाळेचा दाखला मिळायचा आहे. तिची शाळा कर्नाटकात असल्यामुळे वेळ लागतो आहे. अडेल तिथे तिला घेऊन तुमच्याकडेच येईन.

हे आल्यानंतरच्या रविवारी आमच्याकडे सत्यनारायणाची पूजा आहे. तुम्ही आदल्या दिवशी मुक्कामालाच यावे, अशी सासूबाईंची आणि माझी आग्रहाची विनंती आहे. थोरली तुम्हाला न्यायला येईल. येताना तुमचे आधार कार्ड आणि पीपीओची प्रत पिशवीत टाका. तुमचा वार्षिक हयातीचा दाखला नोव्हेंबरात भरायचा असतो, आणि यंदा त्यासाठी तुम्ही गुडघेदुखी घेऊन एसटीने जाणार नाही. मी तो घरीच मोबाइलवर भरून देईन. त्याची रीत आधी एकदा तुमच्यासमोर करून पाहायची आहे.

तुमची कृतज्ञ,
एका हवालदाराची पत्नी
तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा