बंदिश ‘पारंपरिक’ कशी झाली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेडिओच्या जुन्या शास्त्रीय ध्वनिमुद्रणांना ‘नवसंजीवनी’ मिळाल्याची बातमी काल वाचली आणि त्यातलं एक गाणं लगेच लावलं. आनंद सोडाच, रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं.

हे गाणं मूळ प्रक्षेपणात मी ऐकलेलं आहे. शनिवारी रात्रीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम. वडील रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवायचे. मग घरात कोणी खोकायचंसुद्धा नाही. त्या कॅसेटवर सुरुवातीला निवेदिका राग सांगते, ताल सांगते आणि बंदिश, म्हणजे गाण्याची बांधलेली रचना, गुणिदासांची आहे हेही सांगते. वडिलांनी ते कॅसेटच्या कागदावर निळ्या शाईने टिपून ठेवलंय. आता काढलेल्या आवृत्तीत निवेदन छाटून टाकलंय. बरं, बंदिशकार बहुधा अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, आपली मुद्रा म्हणजे टोपणनाव गुंफतो, म्हणून अंतऱ्याची वाट पाहिली. तो येण्याआधीच आवाज बारीक होत होत गाणं संपलं! दोन्हीकडून नाव गेलं आणि खालच्या माहितीत रचनाकार म्हणून काय, तर ‘पारंपरिक’.

गुणिदास म्हणजे पं. जगन्नाथबुवा पुरोहित. ते १९६८ साली गेले. आज मैफलीत हक्काने गायला जाणारा जोगकंस राग त्यांनी बांधला. माणिक वर्मा, राम मराठे, सी. आर. व्यास, जितेंद्र अभिषेकी त्यांच्याकडे शिकले. इतक्या जवळच्या काळातला माणूस ‘परंपरे’त ढकलून द्यायचा? आज ते, उद्या ‘प्रेमपिया’ फैयाज खाँ, ‘सुजान’ रातंजनकर, ‘रामरंग’ रामाश्रय झा. आपल्याकडे काही रचना कागदावर उतरतातही, पण मुळात रचना टिकते ती पाठांतराने. ती गळ्यातून गळ्यात जाते आणि त्या प्रवासात कर्त्याचा पुरावा म्हणून उरते ती ही मुद्राच.

खरखर काढताना तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणकही, घासून निघाली आहे. षड्ज ऐकू येतो, पण त्याच्याभोवती रेंगाळणारी नादाची आस गेली. जुन्या फितीची थोडी खरखर राहिली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं?

आणि संपादक महाशय, आपल्या बातमीतही गायकांची, साथीदारांची, झालंच तर उद्घाटन करणाऱ्यांची नावं आहेत. बंदिशकार एकही नाही. आपल्याकडच्या मैफलींच्या वृत्तांतातही ‘द्रुत बंदिश रंगली’ एवढंच छापून येतं. कोणाची बंदिश, हे गायकाला विचारायला किती वेळ लागतो?

संबंधितांनी निवेदन आणि अंतरा जागच्या जागी लावून गाणं पुन्हा काढावं. त्यांच्या मूळ फितीत तो भाग उरला नसेल, तर माझी कॅसेट अजून वाजते. ऐकायला जरूर न्यावी, पण कागदासकट परत करावी. त्यावर वडिलांचं अक्षर आहे.

आपला,
एक जुना श्रोता