मित्रास पत्र : बोंडातली पेशी

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय सुधाकर,
स.न.वि.वि.

नववीला ‘पेशी’ शिकवायची आहे आणि सूक्ष्मदर्शक धड नाही, असं लिहिलंस. मग पऱ्हाटीच्या वावरातून एक फुटलेलं बोंड घेऊन ये. कापसाचा एकेक धागा म्हणजे एकच अखंड पेशी. सरकीच्या सालीवरची पेशी लांबत जाते. जाडी मिलिमीटरचा जेमतेम पन्नासावा भाग, लांबी मात्र 25 ते 30 मिलिमीटर. काळ्या पाटीवर ठेवलास की जवळून नुसत्या डोळ्यांनीही दिसेल.

“सर, येवढी लंबी अन् एकच पेशी?” असं पोट्टे विचारतीलच. उत्तराला वेळ दे, निम्मा धडा त्यातच आहे. फूल उमलतं त्याच सुमारास ही पेशी वाढू लागते. आतल्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, साखर आणि पोटॅशियम साठतं, त्यामागोमाग परासरणानं, म्हणजे दाट रसाकडे पाणी ओढलं जाऊन, पाणी आत शिरतं आणि त्या दाबानं पेशीची मऊ बाहेरची भिंत, पेशीभित्तिका, ताणत जाते. अडीच-तीन आठवडे हे चालतं. नेमकी तेव्हाच पावसानं दडी मारली तर धागा आखूड का राहतो, ते मग शेतकऱ्याचं पोर आपणहून सांगतं. पुढे आतून सेल्युलोजचे थर चढतात, बोंड फुटतं, पेशी मरते, सुकून चपटी होते आणि पीळ खाते. केंद्रक, पेशीद्रव्य सगळं संपलेलं. आपण अंगात घालतो ती नुसती भित्तिका. हे शिकवताना मला अजूनही भरून येतं.

रसायनशास्त्राला इथूनच हात घाल. सेल्युलोज ग्लुकोजचं, स्टार्चही ग्लुकोजचंच. पोरांना रांगेत उभं कर, एकेक पोर म्हणजे एकेक ग्लुकोज. सगळ्यांची तोंडं एकीकडे, तर स्टार्च. एकाआड एक पाठमोरा, तर सेल्युलोज. एवढ्या फरकानं स्टार्चची साखळी वेटोळं घेते आणि सेल्युलोजची सरळ राहून शेजारणीला घट्ट धरते. आपल्या लाळेतलं विकर (एन्झाइम) भाकरीतला स्टार्च तोडतं, सेल्युलोजपुढे त्याचं काही चालत नाही. बैल कडबा पचवतो तो पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर.

आयोडीनचा थेंब भातावर टाक, निळा-काळा होईल. कापसावर होणार नाही. कच्च्या कापसावर मात्र मेणाचा थर असतो, थेंब वरच थांबतो, म्हणून आधी कापूस धुण्याच्या सोड्यात उकळून, नीट धुऊन घे. आणि कोरं कापड वापरू नकोस. त्याला खळ असते, ती निळी पडते आणि पोरं गोंधळतात.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक